ताईचा उजवा खांदा

खांदा निखळला की माणूस आधी शिव्या देतो, मग रडतो आणि शेवटी अगदी गप्प होतो, असं कंपाउंडर सांगायचा. गप्प झालेला माणूस त्याला आवडत नसे. गप्प माणूस अंग आवळून धरतो, आणि अंग आवळलेलं असलं की निखळलेला सांधा जागेवर जायचं नाव घेत नाही. म्हणून तो आधी माणसाला बोलतं करायचा. घरात भाजीत मीठ जास्त कोण घालतं, बायको की आई? सकाळी पहिलं कोण उठतं? मेव्हण्याने नेलेली सायकल परत आली का? मेव्हण्याचा विषय निघाला की भलेभले सैल पडतात, असा त्याचा अनुभव होता.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. मागे डोंगर, पुढे उतार, उतारावर दगडाची खाण आणि खाली नदी. रस्ता दवाखान्याच्या पायरीशी येऊन संपायचा, पुढे न्यायला कुणाला काही कारणच नव्हतं. मोठं इस्पितळ नदीपलीकडच्या शहरात. जीपने तासभर खाली उतरायचं, जीपसकट तराफ्यावर चढायचं, आणि पलीकडे उतरून पुन्हा अडीच तास. वारा सुटला की तराफा बंद. डॉक्टरीणबाई पंधरा दिवसांतून एकदा यायच्या. बाकीचे चौदा दिवस कंपाउंडर हाच दवाखाना होता. ताप, खोकला, विंचू, बाळंतपण, सगळं त्याच्याच गळ्यात. पण त्याचं नाव झालं ते खांद्यांमुळे.

खाणीत खांदे निखळतातच. पहार सटकते, ट्रकच्या फाळक्यावरून पाय घसरतो, आणि माणूस एका हाताने दुसरा हात धरून उतार चढत येतो. खांद्याची गोलाई गेलेली आणि तिथे एक कोपरा आलेला. तेवढ्यावरून कंपाउंडर दारातूनच ओळखायचा. मग त्या माणसाला उंच टेबलावर पालथं झोपवायचं, निखळलेला हात कडेने खाली लोंबकळू द्यायचा आणि मनगटाला पट्टीने बादली बांधायची. रिकामी. तिच्यात तो मगाने थोडी थोडी वाळू टाकत जायचा आणि मेव्हण्याची चौकशी करत राहायचा. वीस मिनिटांत, अर्ध्या तासात दंड दमायचा, आतून ‘कट्’ असा बारीक आवाज यायचा आणि गडी बोलता बोलता मधेच थांबायचा. "झालं?" असं त्याने विचारेपर्यंत कंपाउंडर बादली सोडून हात झोळीत घालत असायचा. हे नाहीच जमलं तर काखेतून चादर घालून एकाने ती वर धरायची, दुसऱ्याने हात खाली ओढायचा. चादर धरायला त्याची बायको यायची. तिला हे काम मुळीच आवडत नसे, पण दुसरं होतं कोण?

त्याला गर्व होता. नव्हता असं म्हणणारे त्याच्या बायकोला भेटलेले नाहीत. सव्वीस वर्षांत आपल्या हातून एकही खांदा राहिला नाही, हे तो जेवतानासुद्धा ऐकवायचा. पण गर्व असला तरी तो बेफिकीर नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. डॉक्टरीणबाईंनी जे शिकवलं ते त्याने कधी सोडलं नाही. कधी पडला ते विचारायचं. अंगातला कपडा काढून खांदा उघडा बघायचा. मनगटाची नाडी बघायची, खांद्याच्या बाहेरच्या अंगाला बोट लावून समजतंय का विचारायचं, आणि हे सगळं बसवण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. आणि पडून तीन आठवडे उलटले असतील तर हात लावायचा नाही, सरळ इस्पितळात पाठवायचं. तोवर आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. रक्ताची मोठी नळीसुद्धा हाडाला चिकटते, आणि ओढलं की तीच फाटते. म्हाताऱ्या माणसाची तर फारच लवकर.

खाणीतली माणसं दिवस चोरून सांगायची. कामावर खाडा लागू नये म्हणून पंधरवडा कसाबसा काढायचा आणि दवाखान्यात येऊन "काल पडलो" म्हणायचं, हे नेहमीचं. कंपाउंडर सदरा उतरवायला लावायचा आणि कातडीचा रंग बघायचा. ताजा मार काळानिळा असतो, आठवड्याने हिरवट होतो, मग पिवळा पडतो आणि महिन्याभरात पुसून जातो. "काल पडलास काय? मग हा पिवळा रंग काय शिमग्याच्या भांडणातला का गेल्या जन्मातला?" असं तो विचारायचा आणि गडी मान खाली घालायचा. ही रंगाची गंमत त्याने घरी, दारी, येईल त्याला सांगितली होती. ताईलाही सांगितली होती.

ताई त्याची मोठी बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ती सोळाची. पुढचं सगळं तिनेच केलं. त्याला न्हाऊमाखू घालणं, अभ्यासाला बसवणं, मार देणं, मार दिल्यावर जवळ घेणं. ती शिंप्यांसाठी बटणांची काजं करायची. शहरातल्या चार दुकानांतले कोट आणि सदरे तिच्याकडे यायचे, आणि ती खिडकीपाशी बसून हाताने काजं घालायची. एका कोटाला नऊ. मशीनवर काजं होऊ लागल्यावरही दोन जुने शिंपी तिलाच काम देत राहिले, कारण तिच्या काजाचा धागा कोट फाटला तरी उसवत नसे. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक मूल वाढवून झालंय, आता हौस नाही." त्या काजांवरच धाकटा कंपाउंडरचा कोर्स शिकला. तो सत्तावन्न वर्षांचा झाला तरी ती त्याला ‘धाकट्या’ म्हणायची, आणि खाणीच्या मॅनेजरसमोरही म्हणायची.

ती राहायची त्या शहरातच ते मोठं इस्पितळ. तिच्या घरापासून चालत वीस मिनिटं.

त्या वर्षी थंडी संपता संपता तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "जमलं तर दोन दिवस येऊन जा रे."

"काय झालं?"

"होतंय काय? बघितलं नाही पुष्कळ दिवसांत."

डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. तो म्हणाला, महिनाअखेरीस बघतो. महिनाअखेरीस खाणीत दरड कोसळली आणि आठ दिवस त्याला जेवायला सवड नव्हती. नंतर ते राहूनच गेलं. ती पुन्हा काही बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. पुढे त्याने हा फोन मनात किती वेळा ऐकला असेल, त्याला गणती नाही.

मग एका सकाळी खाणीची जीप दवाखान्यासमोर थांबली आणि तिच्यातून ताई उतरली. पहाटेची बस, तराफा, घाटावर मिळाली ती जीप, असं करत अडुसष्ट वर्षांची बाई एकटी आली होती. अंगावर शाल, आणि शालीखाली डाव्या हाताने उजवा हात धरलेला. कंपाउंडर पायरीवर उभा होता. शालीतूनही त्याला तो कोपरा दिसला.

"ताई, हे काय?"

"न्हाणीत घसरले. गिऱ्हाईक आणलंय तुला," ती म्हणाली आणि हसली.

"कधी?"

"चार दिवस झाले."

त्याने तिला आत नेलं. बायकोने पाणी आणलं. तो चिडला होता, आणि चिडला की तो फार बोलायचा. "वीस मिनिटांवर इस्पितळ आहे तुझ्या. तिथे जायचं सोडून इतकी यातायात? चार दिवस असंच बसायचं?"

"तिथे भूल देतात, कापतात. शेजारची गेली ती परत आली नाही," ताई म्हणाली. "आणि भाऊ खांदे बसवणारा असताना मी परक्यापुढे हात पसरू? तूच सांगतोस ना, एकही राहिला नाही म्हणून. कोटाची काजं पडलीत माझी. मला सुई धरता येत नाही, धाकट्या. बाकी दुखतंय ते मी सोसेन."

हे ती अगदी सावकाश बोलली. तिला हात परत हवा होता, आणि तो भावाकडूनच हवा होता.

त्याने नाडी बघितली. चांगली चालत होती. दंडाला बोट लावून विचारलं, कळतंय का? कळत होतं. मग कपडा उतरवून खांदा उघडा बघायची वेळ आली, आणि तिथे तो थांबला.

दुसरी कुठलीही बाई असती तर त्याने बायकोला आत बोलावलं असतं, पडदा ओढला असता आणि बघितलं असतं. हजार वेळा बघितलं होतं. पण ही ताई होती. तिने उभ्या आयुष्यात भावासमोर पदर ढळू दिला नव्हता. आताही शालीचं टोक तिने हनुवटीखाली घट्ट धरलं होतं. "असू दे रे, वरूनच कर," ती म्हणाली. त्यालाही सुटल्यासारखं झालं. चार दिवस म्हणजे चार दिवस, ताई काय खाणीतली मजूर आहे का खाडा चुकवायला? त्याने ब्लाउजवरूनच खांदा चाचपला आणि कामाला लागला.

पाऊण तास बादली लटकत होती. वाळू काठोकाठ आली. तो तिला बोलतं करत होता आणि ती बोलत होती. लहानपणी त्याने शाळेची पाटी विहिरीत टाकली होती ती गोष्ट तिने पुन्हा सांगितली, बायकोला हसवलं. खांदा हलला नाही. त्याने बादली सोडली आणि बायकोला चादर आणायला सांगितली.

"अहो, थांबा ना," बायको म्हणाली. "परवा डॉक्टरीणबाई येतील."

"परवापर्यंत ती अशीच बसणार का?"

ताईला त्याने उताणं केलं. बायकोने चादर धरली. त्याने हात धरून हळूहळू ओढायला सुरुवात केली. एरवी अशा वेळी हाताला आतला सांधा कळतो, तो सरकतोय की अडलाय ते. इथे काही सरकत नव्हतं. कुठेतरी घट्ट बांधून ठेवल्यासारखं होतं. इथे सोडून द्यायला हवं होतं. सव्वीस वर्षांत त्याने चारदोन वेळा तरी असं सोडून दिलं होतं आणि माणूस इस्पितळात पाठवला होता; ते तो हिशेबात धरत नसे. तेव्हा गर्व आड आला नव्हता. आता टेबलावर ताई होती आणि ती त्याच्याकडे बघत होती. त्याने पाय टेबलाला रोवला आणि जोर लावला.

आतून काहीतरी सुटलं. आवाज आला, पण तो नेहमीचा ‘कट्’ नव्हता. ओलं फडकं फाटावं तसा आला. ताईने डोळे मिटले. खांद्यावर कोपरा होता तसाच होता.

त्याने मनगट धरलं. नाडी लागेना. दुसऱ्या बोटाने बघितलं, कोपराशी बघितलं. काख फुगत चालली होती आणि बोटं पांढरी पडत होती. घड्याळात साडेदहा झाले होते. तो बायकोला म्हणाला, "जीप बोलाव. पळ." त्याचा आवाज असा झालेला तिने कधी ऐकला नव्हता.

जीपच्या मागच्या बाकावर त्याने ताईला आडवं केलं आणि गळ्याच्या आडव्या हाडामागे, खोलगट भागात अंगठा रोवला. तिथे दाबलं की हाताकडे जाणारी नळी पहिल्या बरगडीवर दबते, रक्त थांबतं. हेही डॉक्टरीणबाईंनीच शिकवलं होतं, आणि कधी करायची पाळी आली नव्हती. अंगठा काढला तर काखेत रक्त भरत जाणार आणि ताई जाणार. ठेवला तर हाताला रक्त नाही. त्याने अंगठा ठेवला. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला अंगठा घसरायचा आणि तो पुन्हा जागा शोधून दाबायचा.

घाटावर तराफा नव्हता. पलीकडे गेला होता आणि वारा सुटला होता. ड्रायव्हरने काठावर उभं राहून शर्ट काढून हलवला, हाका मारल्या. दीड तास. त्या दीड तासात कंपाउंडर जीपमध्ये वाकून बसला होता आणि त्याचा अंगठा बधिर झाला होता. ताई शुद्धीवर होती.

"धाकट्या, चार दिवस नाही झाले," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"पाच आठवडे झाले. आधी मुरगळलंय वाटलं. शेजारणीने तेल लावलं, शेकलं. मग तुला फोन केला होता. तीन आठवड्यांवर तू हात लावत नाहीस ना. तूच सांगितलंस. म्हणून चार म्हटलं. आणि तो रंगाचा प्रकार तूच सांगितला होतास, म्हणून शाल घेतली."

त्याला रडू आलं. तो मोठ्याने रडला, ड्रायव्हरसमोर रडला, पण अंगठा त्याने हलवला नाही.

"तिथे गेल्यावर सांग, ताई बसमध्ये पुन्हा पडली म्हणून," ती म्हणाली. "तू ओढलास असं सांगू नकोस. नोकरी जाईल."

"बरं," तो म्हणाला.

इस्पितळात पोचेपर्यंत साडेचार वाजले. तरुण सर्जन धावत आला. त्याने फुगलेली काख बघितली, थंड हात बघितला आणि विचारलं, "काय झालं? पडल्या का?"

ताई स्ट्रेचरवरून भावाकडे बघत होती.

"पाच आठवड्यांचा निखळलेला खांदा होता, डॉक्टर," कंपाउंडर म्हणाला. "मी ओढला. साडेदहाला. नाडी तेव्हाच गेली."

सर्जनने एकदाच वर बघितलं. सहा तास झालेत, एवढंच म्हणाला आणि तिला आत नेलं. ताईने जाताना तोंड फिरवलं होतं. तिला राग आला होता, तो हाताचा नव्हता.

नळी त्यांनी शिवली. जीव वाचला. पण हात फार वेळ उपाशी राहिला होता. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली, आणि चौथ्या दिवशी कोपराच्या वर हात कापावा लागला. संमतीच्या कागदावर ताईने डाव्या हाताचा अंगठा उठवला. तिला सही येत होती, चांगली वळणदार यायची, पण ती उजव्या हाताची होती.

कापल्यावर दोन दिवस ती कुणाशीच बोलली नाही. कंपाउंडर कॉटशेजारच्या स्टुलावर बसून असायचा. दवाखान्यातून पत्र आलं होतं, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून. ते त्याने वाचून खिशात ठेवलं होतं, आणि तो ते विसरलाही होता. तिसऱ्या दिवशी दुपारी नर्स ड्रेसिंग बदलून गेली, तेव्हा ताई म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"बसला तरी होता का रे?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती खांद्याबद्दल विचारत होती. हात गेला होता, सुई गेली होती, आणि तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की भावाच्या हातून तो राहिला का.

"बसला होता," तो म्हणाला.

"आवाज झाला होता. मी ऐकला."

"हो. तोच."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली. "नळी ठिसूळ निघाली माझी. त्याला तू काय करणार?" आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदा पेज घेतली.

चौकशी झाली. त्याने तिथे जे घडलं ते सगळं सांगितलं, खांदा बसला नव्हता हेही लिहून दिलं. डॉक्टरीणबाई त्याच्या बाजूने बोलल्या, म्हणून नोकरी राहिली, पण सांध्यांना हात लावायचा नाही असा हुकूम झाला. हुकूम नसता तरी त्याने लावला नसता. खाणीतली माणसं उतार चढून येतच राहिली. तो त्यांना झोळी बांधायचा, जीपमध्ये बसवायचा आणि नदीपार पाठवायचा. काहीजण शिव्या द्यायचे. तो ऐकून घ्यायचा.

ताईला त्याने आपल्याकडे आणलं. ती आणखी नऊ वर्षं जगली. डाव्या हाताने जेवायला शिकली, वेणी घालायला शिकली, बटण लावायलाही शिकली. काज मात्र कधी जमलं नाही. दोन वर्षं रोज दुपारी चिंधीवर प्रयत्न करून तिने ते सोडून दिलं. दवाखान्याच्या पायरीवर ती उन्हात बसायची, आणि नवा माणूस आला, रिकाम्या बाहीकडे बघायला लागला, की तो विचारायच्या आधीच ती सांगायची. "पडले होते. खांदा तर माझ्या भावाने एका ओढीत बसवला. नळीच कच्ची निघाली." मग आत वळून हाक मारायची, "काय रे धाकट्या, बसला होता ना?"

आतून तो म्हणायचा, "हो ताई."

दर वेळी म्हणायचा. औषधं मोजत असला तर मोजणं थांबवून म्हणायचा. बायको चुलीपाशी असायची. तिने त्या दिवशी चादर धरली होती, तिला ठाऊक होतं, पण ती एका शब्दाने बोलली नाही. कधीतरी ताई त्याच्या जुन्या कामाचं फारच कौतुक करू लागली, की तो उठून नदीच्या बाजूला चालत जायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा.

ती गेली ती साध्या तापाने, झोपेत. चार दिवस माणसं येत राहिली. खाणीचा म्हातारा मुकादम आला, गुडघे धरत टेकला आणि म्हणाला, "फार अभिमान होता ताईंना तुमचा. तो खांदा तुम्ही बसवला होता म्हणे, त्या सगळ्यांना सांगायच्या."

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. आता ताई ऐकायला नव्हती. बायकोला वाटलं, आता तरी हा खरं ते बोलेल आणि मोकळा होईल. कंपाउंडरने मुकादमाकडे बघितलं, मग पायरीवरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "बसला होता."

बायकोने पुढे होऊन मुकादमाच्या हातात कप दिला.